घुमटावरचा सिंह

माझे मेव्हणे गुंडोराव यांना जगातल्या कुठल्याही वस्तूत वीट दिसत असे. साबणाची वडी, काड्यापेटी, रेल्वेचं जाडजूड टाइमटेबल, काहीही हाती आलं की ते आधी आडवं ठेवून बघत, मग उभं, आणि मग त्यावर दुसरं काय बसेल याच्या शोधात घरभर फिरत. यशवंतपूरला रेल्वेच्या मालधक्क्यावर ते कारकून होते. चामराजपेटेतून सायकलने जायचे आणि संध्याकाळी तशाच धुळीत परत यायचे. कुणी विचारलं, काय करता, तर म्हणायचे, बांधकाम. नोकरीचा उल्लेख कुणी दुसऱ्यांदा विचारलं तरच.

आमच्या बेंगळुरूच्या जुन्या मराठी घरांतून बहिणीच्या नवऱ्याला 'भाव' म्हणतात. पुण्याकडची माणसं ते ऐकून बुचकळ्यात पडतात, पण तीनशे वर्षं कन्नडच्या शेजारात राहिल्यावर एवढं व्हायचंच. तर हे आमचे गुंडोभाव. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण वसुमती, त्यांची बायको. मी कॉलेजात शिकत असताना त्यांच्याकडेच राहत होते, त्यामुळे जे सांगते आहे ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे आणि पुष्कळसं पायाला टोचलेलं आहे.

टोचायच्या त्या विटा. सत्तेचाळीसनंतर दंडूतले, म्हणजे कँटोन्मेंटातले, साहेब लोक घरं आवरून निघाले तेव्हा त्यांच्या सामानाचे लिलाव होत. लोक कपाटं, आरसे, जेवणाची टेबलं आणत. भावांनी एक लाकडी पेटी आणली. तिच्यात कुणा साहेबाच्या पोराच्या खेळातल्या विटा होत्या, दगडासारख्या घट्ट, लाल, दुधी आणि निळसर, शिवाय कमानींचे लहान लहान तुकडे. अक्काने पेटी उघडून बघितली आणि विचारलं, कपाट कुठाय? तिने त्यांना कपाट आणायला पाठवलं होतं. ते कपाट आमच्या घरात शेवटपर्यंत आलं नाही.

त्या विटांनी भावांनी बेंगळुरू वसवणाऱ्या केंपेगौडाचे बुरुज बांधले, किल्ल्याचा दरवाजा बांधला, पुढे साठ सालानंतर हळेबीडचं देऊळ बांधलं आणि त्याचा फोटोही एका वर्तमानपत्रात आला. विटा कमी पडत, तेव्हा ते कौलांच्या तुकड्यांना रगड्याच्या दगडावर घासून नव्या करत, आणि त्या दिवशीच्या डोशाला अक्का म्हणायची की आज जरा मातीचा वास आहे. त्यांचा नियम एकच होता. गोंद नाही, चुना नाही, काही नाही. वीट विटेवर आपल्या वजनानं उभी राहिली पाहिजे. चिकटवलेलं घर हे घर नव्हे, तो डबा, असं त्यांचं मत होतं, आणि मतं त्यांना थोडीच असल्यामुळे ती ते सोडत नसत.

मला सांगायचं आहे ते छप्पन सालच्या नवरात्राबद्दल. पण त्याआधी त्यांच्या लग्नातला मैसूरपाक सांगायला हवा.

आमचे आईवडील आम्ही लहान असतानाच गेले. आईचे भाऊ भीमाचार्य आणि मामी यांनी आम्हा दोघींना वाढवलं. मामा कृष्णाकाठच्या एका खेड्यातले. पाठशाळेसाठी लहानपणीच बेंगळुरूला आले, पुढे बहिणीलाही इथेच दिलं, आणि मग इथलेच झाले. माणूस विद्वान, कडक सोवळ्यातला, बोलणं मोजकं. आमच्या घरात मामांच्या खडावांचा आवाज आला की मांजरसुद्धा नीट बसत असे.

अक्काच्या लग्नाच्या पंगतीत नवरदेव मामांच्या शेजारी बसले होते. वाढप्याने मैसूरपाक सढळ हाताने वाढला. चौकोनी, एकसारख्या कापलेल्या, घट्ट वड्या, समोर गुंडोभाव. दोष कुणाला द्यायचा? बघता बघता पानात एक गोपुर उभं राहिलं. समोरच्या ओळीतल्यांनी वाखाणणी केली, वाढप्याने आणखी वड्या पुरवल्या, आणि भावांनी कळस म्हणून अर्धी खाल्लेली वडी वर ठेवली. गोपुर कललं ते थेट मामांच्या पानात गेलं. जावयाची उष्टी वडी सासऱ्याच्या जागी असलेल्या माणसाच्या वरणभातात. मामा पानावरून उठले. खेळ करणाऱ्याच्या घरी मी पाणी पिणार नाही, एवढंच म्हणाले, आणि ते त्यांनी आठ वर्षं पाळलं. मामी एकट्या यायच्या, मामा कधीच नाही.

मामी गेल्या तेव्हा मामा एकटे पडले. त्या श्रावणात अक्का त्यांच्याकडे जाऊन रडून आली. मामांनी कबूल केलं की नवरात्रात तुझे गोंबे बघायला येईन. नवरात्रात त्यांचा उपास असे, म्हणजे जेवणाचा प्रश्नच नव्हता. मग दशमीचं पारणं माझ्याकडे करा, अक्का म्हणाली. मामा म्हणाले, बघू. त्या 'बघू'वर अक्का दोन महिने हवेत होती. आईबापांच्या जागी असलेला माणूस आपल्या घरी दोन घास खाईल, एवढंच तिला हवं होतं, आणि त्यासाठी तिने घराला नव्याने चुना काढला.

आमच्याकडे नवरात्रात पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्या मांडतात. सगळं गाव त्यांना गोंबे म्हणतं, आम्हीही. सगळ्यात वर लाल लाकडाची राजाराणीची जोडी. ती मुलीला माहेरहून मिळते. अक्काची जोडी आमच्या आईची होती. गोंबे प्रतिपदेला एकदा बसले की दशमीला राणीला आडवी करून निजवेपर्यंत काही जागचं हलवायचं नाही. मांडलेल्यात भर घातली तर चालते, काढलेलं चालत नाही. खालच्या पायरीपुढची फरशी दरवर्षी भावांची असे. तिथे ते आपली इमारत उभी करत आणि गोंब्यांपेक्षा तिलाच जास्त लोक बघतात याचा अक्काला राग येई आणि अभिमानही वाटे.

त्या वर्षी नोव्हेंबरात विजापूर मुंबई राज्यातून आमच्या राज्यात येणार होतं. भाव म्हणाले, एवढा मोठा पाहुणा घरात येतोय, त्याचं स्वागत आपण नको करायला? आणि त्यांनी गोलघुमट बांधायला घेतला. विजापूर त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. मालधक्क्यावरचा त्यांचा मित्र हयवदन त्या बाजूला बदलीवर राहून आला होता, त्याने दिलेल्या एका चित्राच्या पोस्टकार्डावर सगळा डोलारा.

खरी पंचाईत घुमटाची होती. चौकोनी विटांचा गोल करायचा, तोही गोंदाशिवाय, आणि आत एकही खांब नाही. घुमट तीनदा कोसळला. चौथ्या वेळी भावांनी अक्काचा जुना परकर फाडून त्याची पिशवी शिवली, तिच्यात नाचणी ठासून भरली, आणि तो गोल फुगा भिंतींच्या मध्ये बसवला. त्यावर घासून तिरक्या केलेल्या विटांची एकेक फेरी चढवत गेले. शेवटची वीट बसल्यावर पिशवीचं तोंड दारातून किंचित सैल केलं. नाचणी बारीक धारेने बाहेर येऊ लागली. भाव पालथे पडून बघत होते, मी श्वास धरून उभी होते, आणि अक्का हिशेबाने परात पुढे धरून बसली होती, कारण नाचणी तिची होती. पिशवी रिकामी होऊन बाहेर आली. घुमट आपल्या पायावर उभा राहिला. भाव उठले, परसात जाऊन आले आणि मग म्हणाले, स्वल्प कॉफी मिळेल का?

प्रतिपदेला गोंबे बसले. द्वितीयेला सकाळी हयवदन बघायला आला. त्याने चारी कोपऱ्यांचे मनोरे बघितले, घुमटाच्या बुडाशी कोरलेल्या पाकळ्या बघितल्या आणि मनापासून म्हणाला, "अगदी हुबेहूब. आत कबरीही केल्यात?"

अक्का कोसंबरी कालवत होती. तिचा हात थांबला. गोलघुमट म्हणजे विजापूरची मोठी इमारत, आत ओरडलं की आवाज फिरून येतो, एवढंच तिला ठाऊक होतं. आवाज कुणाच्या डोक्यावर फिरतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. हयवदन गेल्यावर तिने भावांना समोर बसवलं. देवीच्या पायाशी थडगं? सुलतानाचं असो की साधूचं, मामांच्या लेखी अशुभ ते अशुभच, आणि मामा उद्या येणार. भाव म्हणाले, इमारत म्हणून बघ ना. अक्का म्हणाली, मी बघेन, मामा बघतील? काढावं तर गोंबे बसलेले, हलवता येत नाहीत. ठेवावं तर आठ वर्षांनी आलेला मामा दारातूनच परत जाणार. अक्का रडायला लागली. मला हसू आलं, आणि दोघांचीही बोलणी मला बसली.

सुटका केली ती रत्नाबाईंनी. ह्या समोरच्या घरातल्या, नुकत्याच पुण्याहून लग्न होऊन आलेल्या. संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका जमल्या तेव्हा त्या फरशीपाशी वाकल्या आणि म्हणाल्या, किती छान विधानसौध केलंय. झालं. त्या वर्षी गावात दुसरा विषयच नव्हता. विधानसौध, म्हणजे विधिमंडळाची नवी इमारत, पुरं होत आलं होतं, लोक रविवारी डबे घेऊन ते बघायला जात. मधे मोठा घुमट, चार कोपऱ्यांना लहान, मग दुसरं काय असणार? सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. भावांनी तोंड उघडलं. अक्का त्यांच्याआधी म्हणाली, "होय. विधानसौधच. ह्यांनी महिनाभर खपून केलंय."

कुणीतरी विचारलं, पुढचे खांब आणि पायऱ्या? अक्का म्हणाली, काम चालू आहे. आणि वरचा सिंह? तो उद्या येईल, अक्का म्हणाली.

आणि तो आला. बाहुल्यांच्या पेटीतून अक्काने चन्नपट्टणचा एक लाखेचा सिंह शोधून काढला, एक कान गेलेला. भर घालायला तर हरकत नव्हतीच. भाव हात जोडून म्हणाले, वसू, तो घुमट स्वतःचं वजन कसंबसं पेलतोय. अक्का म्हणाली, मीही. तेव्हा त्यांनी स्वतःच तो सिंह दोन बोटांत धरून घुमटाच्या माथ्यावर टेकवला आणि मागे सरले. घुमट उभा राहिला. भाव मात्र त्या सकाळी ऑफिसात जाताना सायकल घरी विसरले, आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून दुपारी परत आले.

मामा तृतीयेला दुपारी आले. अक्काने पाय धुवायला पाणी दिलं. त्यांनी राजाराणीला बघितलं, देवीला नमस्कार केला, मग पाटावर बसले आणि त्यांची नजर खाली गेली.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

"विधानसौध, मामा," अक्का म्हणाली.

"अस्सं." मामांनी भावांकडे बघितलं. आत खांब किती, विचारलं. भाव खोटं बोलण्यात कच्चे. म्हणाले, एकही नाही. सभागृहाला खांब नाहीत? नाहीत, भाव म्हणाले, आवाज नीट घुमावा म्हणून. अक्काने मागून त्यांना चिमटा काढला, तो मला दिसला, मामांनाही दिसला असावा. मामांनी मान हलवली आणि विचारलं की हा सिंह पहिल्यापासून वरच होता का. भाव खिन्नपणे म्हणाले, "सिंह मेलेच बरा, म्हणून ठेवला."

रत्नाबाई नेमक्या तेव्हाच वाटीभर साखर मागायला आत येत होत्या. कन्नडात मेले म्हणजे वर, हे आमच्या हाडीमांसी रुजलेलं; पुण्याच्या बाईला ते कुठलं कळायला? त्या दारातच थबकल्या आणि घाबरून म्हणाल्या, "मेले? कोण मेले इथे?"

अक्का पांढरीफटक पडली. भाव घुमटाकडे बघत होते आणि मला भीती होती की ते आता उत्तर देणार. मामांनी उपरणं तोंडाला लावलं आणि त्यांना बराच वेळ खोकला येत राहिला. मग उठले, उद्या येतो म्हणाले आणि गेले.

ते खरंच रोज येऊ लागले. दुपारी यायचे, पाटावर बसायचे, काही घ्यायचे नाहीत, पाणीसुद्धा नाही. फरशीकडे बघत राहायचे. अक्काची खात्री झाली की त्यांना संशय आलाय आणि ते दशमीला सगळं बाहेर काढणार. तिने भावांना शपथ घातली, पारणं होईपर्यंत तोंड उघडायचं नाही.

भावांचं वेगळंच दुखणं होतं. अष्टमीला दुपारी बायका विधानसौधाचं कौतुक करून गेल्या तेव्हा ते मला म्हणाले, नीरू, एवढ्या माणसांत एकानेही त्याला त्याच्या नावाने हाक मारली नाही गं. मला त्यांची दया आली आणि अक्काचा राग आला, पण अक्काला तरी काय बोलणार? नवमीला मात्र भाव अक्काकडे गेले. आवाज न चढवता म्हणाले, "खोटं सांगून त्यांना जेवू घातलं तर तेही उष्टंच वाढल्यासारखं होईल. एकदा माझ्या हातून झालंय. तुझ्या हातून नको."

त्या दिवशी अक्काने मैसूरपाक केला, आणि तिच्या हातचा मैसूरपाक पहिल्यांदाच भुसभुशीत झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तो नव्याने केला.

दशमीला मामा ठरल्यापेक्षा लवकर आले. अक्काने आरती केली, आईची राणी उचलून राजाशेजारी आडवी निजवली. गोंबे उठले. तिने पदर खोचला, मामांसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, मामा, पान मांडायच्या आधी एक सांगायचंय.

मामांनी हात वर करून तिला थांबवलं. "आता हलवायला हरकत नाही ना?"

नाही, अक्का म्हणाली.

"मग आधी तो सिंह काढा. किती दिवस बसलाय आदिलशहाच्या डोक्यावर."

भावांनी सिंह कसा काढला ते मला आठवत नाही, मी मामांच्या तोंडाकडे बघत होते. ते हसत होते. माझ्या आठवणीत मी त्यांना त्याआधी हसताना पाहिलेलं नाही. ते म्हणाले, मी पहिल्या दिवशीच ओळखला. तुम्ही विधानसौध म्हणालात म्हणून बरं झालं. गोलघुमट म्हणाला असतात तर मला आचार्य म्हणून उठून जावं लागलं असतं, आणि मला उठायचं नव्हतं.

मग त्यांनी सांगितलं. पाठशाळेत धाडायच्या आधी, एका जत्रेहून परतताना ते आणि धाकटी बहीण विजापुरात थोरल्यांची नजर चुकवून घुमटात शिरले होते, वरच्या सज्जापर्यंत चढले होते. बहिणीने आपलंच नाव ओरडून घेतलं. ते सात वेळा परत आलं तेव्हा ती घाबरून रडायला लागली, की इतक्या अंबू कुठून आल्या. मामांनी तिला समजावलं की त्या तुझ्या मैत्रिणी आहेत. घरी जाऊन मार खाल्ला, तो मैत्रिणींसकट. अंबू म्हणजे आमची आई. मामांच्या तोंडून तिचं नाव आम्ही दोघींनी कधी ऐकलेलं नव्हतं. तिच्या माघारी ते कधी तिच्याबद्दल बोललेच नव्हते, आणि आम्ही समजत होतो की त्यांना तिची आठवण नाही.

मामा पाटावरून उतरले आणि त्या वयात फरशीवर ओणवे झाले. घुमटाच्या लहानशा दाराशी तोंड नेलं.

"अंबू," त्यांनी हळूच हाक मारली.

खेळातल्या विटांच्या घुमटातून काय येणार? काही आलं नाही. मामा तसेच वाकलेले होते. आणि मग घुमटाच्या पलीकडे हातात सिंह घेऊन बसलेले गुंडोभाव तितक्याच हळू म्हणाले, "अंबू."

अक्का म्हणाली, "अंबू."

मग मी म्हटलं. दारात रत्नाबाई साखरेची वाटी परत करायला आल्या होत्या. त्यांना काही ठाऊक नव्हतं, पण सगळे म्हणताहेत म्हणून त्यांनीही म्हटलं. सात नाही, चार वेळा आलं. मामांनी डोळे पुसले आणि गुंडोभावांचा खांदा धरून उठले. माथ्याची फेरी थोडी पसरट झालीये, ते म्हणाले, घुमट खरा याहून फुगीर आहे. भाव म्हणाले, सरी, बरं, पुढच्या खेपेला नाचणी आणखी भरतो.

"वसू, पान मांड," मामा म्हणाले. "जावयाचं माझ्या शेजारी."

भाव इतके सावध बसले होते की वरणभातसुद्धा हाताने गोल करायला धजेनात. अक्काने शेवटी मैसूरपाक आणला आणि मामांच्या पानात एक वडी ठेवली. मामांनी आणखी एक मागितली. दुसरी त्यांनी उचलून पहिलीवर नीट, कडेला कड जुळवून ठेवली, भावांकडे एकवार बघितलं, आणि मग वरची आधी खाल्ली.